मानेवर नसलेल्या पुटकुळ्या

१२ फेब्रुवारी

ती. मामांस आणि मामीस,

भाच्याचा नमस्कार. फोन केला असता, पण मामांच्या कानाला हल्ली साधं बोलणं पोचत नाही, आणि दुकानात उभा राहून मी ओरडायला लागलो तर खुर्चीतलं गिऱ्हाईक अर्धी दाढी घेऊन पळून जाईल. म्हणून पत्र. मामी तुमच्या कानाशी मोठ्यानं वाचून दाखवेलच.

मामा, तुम्ही मला वस्तरा धरायला शिकवलंत, म्हणून तुम्हालाच विचारतो. माझ्या मानेवर, उजव्या बाजूला, कॉलरच्या आत लपतील अशा चार-पाच पुटकुळ्या आल्यात. टाचणीच्या डोक्याएवढ्या, गुळगुळीत, कातडीच्याच रंगाच्या. दुखत नाहीत. कधी खाज येते, एवढंच. वस्तरा लागून आल्या असतील का? काय लावू?

बाकी ठीक. शेजारच्या चष्म्याच्या दुकानाची मालकीण, आपली चष्मेवाली, मजेत आहे. मेच्या शेवटी लग्नासाठी नोंदणी कचेरीत जायचं आमचं ठरलेलंच आहे. दुकानावर नवीन पाटी लावली, तिचा फोटो सोबत पाठवतोय.

तुमचा,
भाचा

---

२० फेब्रुवारी

भाचेबुवा,

अनेक आशीर्वाद. मी सांगतोय आणि तुझी मामी लिहितेय. (मामी: मध्ये मध्ये माझंही थोडं घालणार आहे. यांना दिसत नाही, त्यामुळे बिनधास्त.)

अरे, एवढी वर्षं माना तासल्या मी! हे वस्तऱ्याचं पुरळ. केस कापला की त्याचं टोक आत वळतं आणि कातडी फुगते. घाबरायचं काही नाही. गरम पाण्याचा टॉवेल दाबून धर, साबणाचा फेस चांगला मुरू दे, आणि मग केसाच्या उलट्या दिशेनं, खालून वर, वस्तरा अगदी जवळून फिरव. रोज. एक दिवस चुकवायचा नाही. वरून तुरटीचा खडा. आठवड्यात मान आरशासारखी झाली नाही तर माझी मिशी काढून टाकीन. (मामी: मिशी काढली तर राहील काय चेहऱ्यावर?)

लग्नाला आम्ही येणार म्हणजे येणार. चष्मेवालीला म्हणावं, मामांचा नंबर तेवढा तपासून ठेव.

मामा

(मामी: फोटो बघितला. पाटी छान आहे. तू वाळलास.)

---

१४ मार्च

ती. मामा,

तुम्ही सांगितलं तसं तंतोतंत केलं. गरम टॉवेल, फेस, उलटा हात, तुरटी, रोज. पण पुटकुळ्या गेल्या नाहीत. उलट वाढल्या. आणि कशा वाढल्या म्हणाल, तर वस्तरा जिथून जिथून फिरला तिथे ओळीनं, शिवणीवर टाके पडावेत तशा. आता मोजायचंच सोडून दिलंय. तुरटीनं आग होते ती वेगळीच.

हल्ली कामात मन लागत नाही. चष्मेवालीकडे संध्याकाळी जाणंही बंद केलंय. दुकान बंद केलं की पाठ दुखते असं सांगून घरी येतो. भिंतीपलीकडे तिचं काच घासायचं यंत्र फिरत असतं. ते थांबलं की ती निघाली हे मला कळतं, आणि ती पुढे जाईपर्यंत मी आत झाडू मारत बसतो. दुकान इतकं स्वच्छ कधीच नव्हतं.

दुसरा काही उपाय असेल तर कळवा.

तुमचा,
भाचा

---

२१ मार्च

कात्र्या,

हे पत्र माझं एकटीचं आहे. मामा जेवून पडलेत. त्यांना तुझं पत्र वाचून दाखवलं. ते म्हणाले, "धार कमी पडली असेल, दगडावर घास म्हणावं." ते मी लिहीत नाही.

तू पाटीचा फोटो पाठवलास ना? पाटीखाली तूच उभा आहेस, वरचं बटण उघडं टाकून, मान वळवून वर बघतोयस. भिंग घेऊन बघितलं. उजवी बाजू लख्ख आहे. फोटो त्याच आठवड्यातला. शिवाय, न्हाव्याच्या मानेवर ओळीनं फोड आले असते तर तुझी गिऱ्हाइकं कधीच समोरच्या दुकानात गेली असती. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, बाळा.

मान नाही, तर कुठे? मानेच्या पत्रात चष्मेवालीला टाळणं का आलं, पाठदुखी का आली, हे मी दोनदा वाचलं. मला काहीतरी सुचलंय, पण मी ते लिहिणार नाही. तूच लिही.

मी वाचते म्हणून तू मान पुढे केलीस, हेही कळलं. अरे वेड्या, तुझे लंगोट मी धुतलेत. आणि मामांच्या दुकानातले टॉवेल आयुष्यभर उकळलेत. माणसाच्या कातडीवर काय काय उगवतं ते बघून मला आता कशाचंच नवल वाटत नाही.

मामी

---

२९ मार्च

मामी,

तुझं पत्र तीन वेळा वाचलं आणि मग दुकानाचं दार लावून हे लिहायला बसलो.

मानेवर काही नाही. ओटीपोटावर, खाली, जिथे आपण चारचौघांत हात नेत नाही तिथे आहेत. आणि मांडीच्या आतल्या बाजूला. मामांनी मानेसाठी सांगितलेलं सगळं मी तिथे केलं. आता तू हसशील.

खरं सांगतो. चष्मेवाली आणि मी डिसेंबरापासून एकत्र आहोत, नुसतं चहापुरतं नाही. त्याच्या आधी, शरद ऋतूत, खुर्च्या-कात्र्यांचं प्रदर्शन बघायला गेलो होतो, तिथे एकीशी ओळख झाली. दोन-तीन भेटी झाल्या आणि संपलं. दोघांनाही त्याचं वाईट वाटलं नाही. तेव्हा चष्मेवाली मला फक्त "अहो, तुमच्या ब्रशनं केस इकडे उडतायत" असं म्हणायची. म्हणजे मी कुणाला फसवलं नाही. पण जानेवारीत पहिली पुटकुळी दिसली आणि तेव्हापासून मला झोप नाही. हा कसला रोग आहे? तिला लागला असेल का? ती मला काय समजेल? चार वर्षांपूर्वी तिचा नवरा गेला. त्यानंतर तिनं कुणाला जवळ केलं नव्हतं. मला केलं, आणि मी तिला हे दिलं.

आणि गिऱ्हाइकांचं? माझे हात रोज लोकांच्या गालावर असतात. तो वस्तरा घरचा होता, दुकानात मी प्रत्येकाला नवीन ब्लेड घेतो, एवढं तरी चांगलं झालं.

मामांना सांगू नकोस.

कात्र्या

---

७ एप्रिल

कात्र्या,

हसले. खोटं कशाला सांगू? रोग रेड्याला आणि औषध पखालीला असं म्हणतात, ते आपल्या घरात अक्षरशः घडलं. हसून झालं, मग छत्री घेतली आणि कातडीच्या डॉक्टरांकडे गेले.

तिथली गंमत ऐक. डॉक्टरीणबाई तरुण. मी म्हटलं, "ओटीपोटावर पुटकुळ्या आल्यात, गुळगुळीत, त्याबद्दल विचारायचंय." ती उठलीच. "आजी, पडद्यामागे या." मी म्हटलं, "माझ्या नाहीत हो, भाच्याच्या." ती हसून म्हणाली, "सगळे असंच म्हणतात. लाजायचं काही नाही." मी म्हटलं, "बाई, लाजायला माझी ना नाही, पण लाजायला काहीतरी हवं ना!" तेव्हा कुठे बसली आणि ऐकून घेतलं.

तिनं मला पहिलं विचारलं, "प्रत्येक पुटकुळीच्या मध्यावर बारीक खळगा आहे का, बेंबीसारखा?" तू ते लिहिलं नव्हतंस. खळगा असेल तर बहुतेक मोलस्कम म्हणतात ते असावं, असं ती म्हणाली. पण बघितल्याशिवाय आपण नक्की सांगणार नाही, असंही दोनदा बजावलं. तिथे दुसऱ्या जातीच्या चामखिळीही येतात, आणि त्यांचा इलाज वेगळा.

मोलस्कम म्हणजे विषाणू. कातडीच्या वरच्या थरात राहतो, रक्तात उतरत नाही. कातडीला कातडी लागली की पसरतो. लहान मुलांना खेळता खेळता होतो. मोठ्या माणसांना तुझ्या जागी आला, तर बहुतेक जवळिकीतून. एकाच्या टॉवेलनं दुसऱ्यानं अंग पुसलं तरी जाऊ शकतो. आणि अंगात आल्यावर लगेच दिसत नाही. काही आठवड्यांनी दिसतो, कधी काही महिन्यांनी. त्यामुळे कुणाकडून कुणाकडे गेला याचा हिशोब लावायला बसू नकोस. तो लागत नाही.

आता तुमच्या दोघा हजामांची करामत. मी डॉक्टरीणबाईंना वस्तऱ्याचं सांगितलं, तर तिनं कपाळाला हात लावला. पुटकुळी कापली गेली की आतला पांढरा ऐवज वस्तऱ्यावर येतो, आणि वस्तरा पुढे जाईल तिथे तिथे तो पेरत जातो. तुझे ते शिवणीचे टाके म्हणजे मामांच्या सल्ल्याची पेरणी. पीकही झकास आलं.

तेव्हा आजपासून तिथे वस्तरा नाही. तो घरचा वस्तरा टाकून दे. खाजवायचं नाही, फोडायचं नाही. तुझा टॉवेल वेगळा. पुटकुळ्या कपड्याखाली झाकलेल्या असल्या आणि हात साबणानं धुतलेले असले तर दुकान चालू ठेवायला हरकत नाही. आणि लवकरात लवकर स्वतः डॉक्टरांकडे जा. मी तुझं पोट घेऊन जाऊ शकत नाही.

मामांना सांगितलेलं नाही. ते रोज विचारतात, "मान झाली का आरसा?"

मामी

---

२२ एप्रिल

मामी,

गेलो. पडद्यामागे गेलो. मोलस्कमच आहे. प्रत्येकीला बेंबी आहे. इतके दिवस मी त्यांच्याकडे डोळे बारीक करून बघत होतो, म्हणून दिसली नव्हती.

डॉक्टर वयस्कर होते. त्यांच्या तोंडावर रेषाही हलली नाही. म्हणाले, "हे काही न करताही जातं, पण वर्ष लागेल, कधी जास्तही. तुम्हाला घाई असेल तर थंड वायूनं गोठवून काढू." मी म्हटलं, घाई आहे. काही गोठवल्या. चटका बसतो, पण मामांच्या तुरटीपेक्षा बरा. बाकीच्या पुढच्या खेपेला. रक्तही तपासलं, अशा वाटेनं येणारे दुसरे रोग नाहीत ना म्हणून. ते सगळं स्वच्छ आलं. सगळ्या पुटकुळ्या जाईपर्यंत जवळीक नको म्हणाले. निरोधानं धोका कमी होतो, पण सगळी कातडी काही झाकली जात नाही.

मी विचारलं, "परत येईल का?" ते म्हणाले, "गेला की गेला. आत दडून बसत नाही. पुन्हा कुणाकडून आणलात तरच." बाहेर आलो आणि पायरीवर बसलो.

आता मी असं ठरवलंय. चष्मेवालीला सांगत नाही. तिला म्हणेन, दुकानाच्या दुरुस्तीमुळे लग्न दोन महिने पुढे टाकू. तोवर मी बरा होतो. रोगच नाही राहिला तर सांगायचं काय? झाकली मूठ सव्वा लाखाची. तिला उगाच का त्रास?

तुझ्यामुळे वाचलो.

कात्र्या

---

२८ एप्रिल

कात्र्या,

झाकली मूठ तुझी एकट्याची असती तर मी गप्प बसले असते. त्या मुठीत तिचंही बोट अडकलंय.

तू बरा होशील आणि तिच्या अंगावर असलं तर? मग तिच्याकडून परत तुझ्याकडे. आणि घरात तिची लहान लेक आहे, असं तूच मागे लिहिलं होतंस. आया आणि लेकी एका टॉवेलनं अंग पुसतात, हे मला कुणी सांगायला नको. तू तिच्या अब्रूची काळजी करतोयस असं तुला वाटतं. तू तुझ्या अब्रूची करतोयस. तिच्या कातडीचा प्रश्न आहे, तो तिला ठाऊक हवा. पुढे काय करायचं ते ती ठरवेल. नाही म्हणाली तर नाही. पण खोट्या दुरुस्तीवर उभं केलेलं लग्न मी बघायला येणार नाही. मामांनाही आणणार नाही.

सांगताना लांबण लावू नकोस. आधी रोगाचं सांग, मग प्रदर्शनाचं, मग गप्प बस. ती बोलेल तेव्हा मध्ये तोंड घालू नकोस. न्हाव्याला हे जड जातं, मला माहीत आहे.

मामी

---

३ जून

मामी,

नमस्कार. आपण भेटलो नाही. तुमच्या भाच्याच्या दुकानाला लागून माझं चष्म्याचं दुकान आहे. तुमचा पत्ता त्याच्याकडून मागून घेतला. का, ते पुढे लिहिते.

मेच्या सुरुवातीला एका संध्याकाळी तो आला आणि म्हणाला, "डोळे तपास." दोन महिने तोंड चुकवणारा माणूस गिऱ्हाईक होऊन आला होता. बसवलं. त्यानं यंत्रावर हनुवटी टेकली, कपाळ पट्टीला लावलं, आणि म्हणाला, "एक सांगायचंय." मी म्हटलं, "हलू नकोस." तो न हलता सगळं बोलला. मी भिंगातून त्याचा डोळा बघत होते. पापणी फडफडत होती, पण नजर हलली नाही. बोलणं संपल्यावर मी म्हटलं, "आता दुसरा डोळा." त्याचा नंबर थोडा वाढलाय.

घरी जाऊन बघितलं. मांडीवर दोन होत्या. पॅन्टची शिवण घासते म्हणून असेल असं समजून मी सोडून दिलं होतं. दुसऱ्या दिवशी लेकीला घेऊन डॉक्टरांकडे गेले. ती स्वच्छ आहे. टॉवेल वेगळे केले. तिला सांगितलं, आता तू मोठी झालीस, तुझा टॉवेल तुझा. फार खूश झाली.

मग मी पंधरा दिवस त्याच्याशी बोलले नाही. तो भिंतीपलीकडे खुर्ची सरकवायचा, खोकायचा. मी यंत्र चालू करायचे.

मामी, मला राग पुटकुळ्यांचा नव्हता. होतात लोकांना. त्या बाईचाही नव्हता, ती माझ्या आधीची. राग कशाचा होता, ते सांगते. त्यानं बोलता बोलता सांगून टाकलं की, "मामीनं सांगितलं म्हणून आलो." म्हणजे मार्चपासून तुमच्या घरी माझ्या मांडीची चर्चा चालू होती, आणि मला शेवटी कळलं! तुम्ही त्याला योग्य तेच सांगितलंत, त्याबद्दल मी ऋणी आहे. पण ज्याच्याशी मी घर करणार त्यानं माझ्या अंगाची गोष्ट आधी टपालात टाकावी आणि मग माझ्याकडे यावं, हे मला चालणार नाही.

मेची तारीख मी रद्द केली. लग्न रद्द केलं नाही. त्याला म्हटलं, यापुढे आपल्या दोघांचं जे काही असेल ते आधी मला. मग मामीला, मामांना, वर्तमानपत्राला, कुणालाही. तो "हो" म्हणाला. त्याचं "हो" फार पटकन येतं.

म्हणून तुम्हाला विनंती. त्याचं पत्र आलं तर उघडण्याआधी त्याला विचारा, तिला सांगितलंस का? उद्धटपणा वाटला तर माफ करा. मला सासू नाही, त्यामुळे भांडायची सवय नाही.

चष्मेवाली

---

११ जून

चष्मेवालीस,

उद्धटपणा कसला! मी उद्धट माणसांची मामी आहे.

तुझं म्हणणं खरं आहे आणि ते माझ्या ध्यानात यायला हवं होतं. तो लहानपणापासून ठेच लागली की माझ्याकडे पळत यायचा. मला त्याची सवय, त्याला माझी. त्या सवयीत तू कुठे बसतेस हे मी बघितलंच नाही.

विनंती मान्य. तू आधी, मी नंतर. गोठवताना ओरडावंसं वाटलं तर ओरड, डॉक्टर ते ऐकायचेच पैसे घेतात.

मामी

---

१९ सप्टेंबर

कात्र्या,

तुझं पत्र चार दिवसांपूर्वी आलं. पाकीट जाड आहे. मी ते उघडलेलं नाही.

जूनपासून तुझी तीन पत्रं आली. हवापाणी, नवीन आरसा, समोरच्या दुकानाची चहाडी. ती पातळ पाकिटं होती, मी उघडली. हे जाड आहे, म्हणजे आत काहीतरी तुम्हा दोघांचं असणार. म्हणून टेबलावर ठेवून दिलं. मामा दिवसातून दोनदा ते उजेडाकडे धरतात. दिसत तर काहीच नाही. विचारतात, "मान झाली का आरशासारखी?" मी म्हटलं, झाली. म्हणाले, "बघ! तुरटी!" जाऊ दे. या वयात माणसाला एखादी तरी जीत लागते.

तर मी आज तुला हे लिहायला बसले होते की, बाळा, मी शब्द दिलाय. आत आनंदाचं असो की दुखण्याचं, आधी तिला वाचून दाखव. तिला दाखवलंस असं कळव, मग मी उघडीन. तोवर पाकीट जसंच्या तसं परत पाठवतेय. चिडू नकोस. इथपर्यंत लिहून झालं, आणि परत पाठवायचं म्हणून तुझा पत्ता लिहायला पाकीट पहिल्यांदाच उलटं केलं.

मागे, चिकटवलेल्या कडेवर, बारीक उभ्या अक्षरात लिहिलंय. हे अक्षर तुझं नाही. तुझं अक्षर फरशीवर सांडलेल्या केसांसारखं असतं.

"मी आधी वाचलंय. दोन ठिकाणी दुरुस्त्याही केल्यात. आता उघडा. मामांनाही मोठ्यानं वाचून दाखवा."

बस. आता लिहीत नाही. मामांना हाक मारते आणि उघडते.

मामी